पाणी दाखवणाऱ्यांची परीक्षा बोअरआधी घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की खानदेशात बोअरच्या गाड्यांचा घरघराट सुरू होतो. मेअखेरीस बागायती कपाशी लावायची असते, जूनमध्ये केळीची मृगबाग धरायची असते आणि विहिरीचा तळ मात्र चैत्रातच दिसू लागलेला असतो. नेमक्या याच दिवसांत दैनिकांच्या छोट्या जाहिरातींत ‘शंभर टक्के पाणी’, ‘जमिनीतली नस अचूक दाखवू’, ‘अंतर्ज्ञानाने खोली आणि इंच सांगू’ असे मजकूर वाढतात. भोंदूबाबांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. जमिनीतले पाणी दाखवणाऱ्या पाणाड्यावर कोणी लिहीत नाही. तो भगवी कफनी घालत नाही, अंगात आणत नाही, बहुतेकदा पलीकडच्या गावचा कोणी नाना किंवा आप्पा असतो आणि घेतो तेही फार नाही. नुकसान होते ते त्याच्या दक्षिणेने नव्हे, तर तो दाखवील तिथे उभ्या राहणाऱ्या गाडीने.

कायद्यानेही त्याला बाजूला ठेवले आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. त्याच वर्षअखेर त्याचा अधिनियम झाला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच ते पन्नास हजार. गुप्तधन किंवा जलस्रोत शोधण्याच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्ये या कायद्याच्या अनुसूचीत गुन्हा म्हणून आहेत. पण ज्या गोष्टींना कायदा लागू नाही त्यांच्या यादीत वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले यांच्या सोबतीला जमिनीखालचे पाणी सांगणाऱ्याचा सल्लाही बसवलेला आहे. म्हणजे पाण्यासाठी बळी दिला तर गुन्हा. नारळ फिरवून तीनशे फूट कोरडा खडक फोडायला लावला तर तो नुसता सल्ला. तक्रार कुठे करायची हा प्रश्नच उरत नाही. मग शेतकऱ्याच्या हाती राहते ती एकच गोष्ट : पैसे मोजण्याआधी परीक्षा. ती कशी घ्यायची, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी हातातल्या वस्तूंचे बघू. उंबराची किंवा कडुलिंबाची दुबेळक्याची, म्हणजे दोन फाटे फुटलेली, फांदी तळहात वर करून धरतात आणि दोन्ही टोके बाहेरच्या बाजूला ताणतात. ताणलेली फांदी म्हणजे ओढून धरलेले धनुष्य. मनगट इतके थोडे वळले की धरणाऱ्याला स्वतःलाही कळू नये, तरी सगळा ताण एका बाजूला सुटतो आणि टोक जोरात खाली येते. जोर एवढा असतो की मुठीतली साल निघते. पाणाड्या प्रामाणिकपणे सांगतो, ‘मी नाही फिरवली, तिनेच ओढ घेतली.’ त्याला खरोखर तसेच वाटते. तांब्याच्या काटकोनी सळयांचेही तेच. मूठ केसभर आत कलली की सळया एकमेकींकडे वळतात, ओळंब्यात नसलेले दार जसे आपोआप मिटते तसे. नारळ आडवा घेऊन चालताना तळहाताची जराशी वाटी झाली की जड बुडखा त्या खोलगट्यात सरकतो आणि शेंडी वर येते. आत पाणी डचमळत असतेच. तोच नारळ हातावर न घेता पाटावर ठेवा, पाट हातगाडीवर ठेवा आणि गाडी त्याच जागेवरून न्या. नारळ निजलेलाच राहतो. पाणी नारळाला ओढत असेल तर पाटावरच्या नारळाने काय पाप केले?

या गोष्टीला विज्ञानात जुने नाव आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने १८३३ मध्ये दोरीला टांगलेल्या लंबकावर प्रयोग करून दाखवले की डोळे उघडे असताना झुलणारा लंबक डोळे झाकले की थंडावतो. १८५२ मध्ये इंग्लंडच्या विल्यम कार्पेंटर याने अशा नकळत होणाऱ्या हालचालींना ‘आयडिओमोटर’ म्हटले : मनात कल्पना आली की स्नायू ती गुपचूप पाळतात. वीतभर दोऱ्याला अंगठी बांधून पाण्याच्या वाटीवर धरा, ‘गोल फिरेल’ असे मनात म्हणा आणि हात स्थिर ठेवा. अंगठी गोल फिरू लागते. आता डोळे बांधा आणि कोणाला तरी वाटी हळूच काढून घ्यायला सांगा. अंगठीला वाटी गेल्याचा पत्ता नसतो.

म्हणून पाणाड्याला लबाड म्हणून काही साधत नाही. पुष्कळसे स्वतःच फसलेले असतात आणि गावाने दिलेल्या मानाने त्यांचा विश्वास पक्का झालेला असतो. पायाळू (जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या) माणसाला जमिनीतले दिसते, अमुक रक्तगटाच्या माणसाच्याच हातात नारळ उभा राहतो, या समजुती त्यांनी निर्माण केलेल्या नाहीत. त्या त्यांना आयत्या मिळाल्या. मात्र एक गोष्ट नक्की सांगायला हवी. हे आपले प्राचीन शास्त्र आहे, असे जे ठोकून दिले जाते ते खरे नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा अध्याय आहे. त्यात पाण्याच्या खुणा म्हणून झाडे, वारुळे, मातीचा रंग, दगड यांची वर्णने आहेत. ती सगळीच आज खरी ठरतील असे नाही, पण ती डोळ्यांनी बघण्याची, म्हणून पडताळता येण्याजोगी आहेत. त्यात काठी ओढ घेत नाही. दुबेळक्याची फांदी हातात धरून फिरण्याची सगळ्यात जुनी ठोस वर्णने सोळाव्या शतकातल्या जर्मन खाणकामगारांची आहेत. पूर्वजांचा अभिमान दाखवायचाच असेल तर पांझरा नदीवरचे जुने फड बंधारे दाखवावेत. तिथे पाणी वळवण्याचे गणित कोणालाही उभे राहून बघता येते.

आता ‘नस’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळी फसगत तिथे सुरू होते. जमिनीखाली अंगातल्या शिरांसारखे वाहते पाट आहेत, बोअर त्यावर बसली तर पाणी, हातभर चुकली तर धूळ, असे चित्र लोकांच्या मनात असते. खानदेशातला खडक तसा नाही आणि तो सगळीकडे सारखाही नाही. तापीच्या उत्तरेला चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात नदीने आणि सातपुड्याच्या नाल्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर आहेत : पिवळी माती, चिकणमाती, वाळू, गोटे, पुन्हा चिकणमाती. इथे पाणी वाळूच्या कणांमधल्या फटीत असते आणि वाळूचा थर शेतभर नव्हे, शिवारभर पसरलेला असतो. तिथे खोल गेले की बहुतेक कुठेही पाणी लागते. अडचण ही की केळीने आणि वाढत्या बोअरींनी ते इतके उपसले गेले आहे की उघड्या विहिरी आटल्या आणि बोअर शेकडो फुटांवर गेल्या. अशा पट्ट्यात ‘इथे पाणी आहे’ असे सांगणे म्हणजे पोळ्याला बैल सजतील असे भविष्य वर्तवण्यासारखे आहे.

या गाळाच्या पट्ट्यात बोअर फसते तीही जागा चुकल्यामुळे क्वचितच. ती फसते पाइपामुळे. जाळीचा पाइप वाळूच्या थरासमोर यायला हवा; तो चिकणमातीसमोर बसवला तर खाली पाणी असून वर येत नाही. भोवती बारीक गोट्यांचे भरण नीट टाकले नाही तर मोटारीतून वाळू येते, पंखे झिजतात, मग बोअर ढासळते. कॉम्प्रेसरने पाणी निवळेपर्यंत धुतली नाही तर पहिल्या वर्षाचे पाणी दुसऱ्या वर्षी अर्ध्यावर. आणि दोष कोणाला? ‘नस सरकली.’ कोणत्या फुटापासून कोणत्या फुटापर्यंत वाळू लागली हे लिहून ठेवले असते, तर जाळी कुठे बसवायची हा वादच झाला नसता.

तापीच्या दक्षिणेला चाळीसगाव, पाचोरा, जामनेर, पारोळा आणि पश्चिमेला धुळे, साक्री इकडे मात्र काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (सच्छिद्र मऊ खडक), मग पाषाण, मध्येच लाल गेरूसारखा थर, पुन्हा पाषाण. पाणी असते ते मुरमात, फुटलेल्या भागात आणि दोन थरांच्या सांध्यात. इथे जागेला किंमत आहे आणि इथेच बोअर कोरड्या जातात. धुळे-नंदुरबारकडे आणखी एक गोष्ट आहे, जी कुठलाही नारळ सांगत नाही. जमिनीतून भिंतीसारखे उभे घुसलेले पाषाणाचे लांबच लांब पट्टे, ज्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात, या भागात दाटीने आहेत आणि बरेचसे साधारण पूर्व-पश्चिम जातात. अशी अखंड भिंत भूजलाला धरणासारखी अडवते. वरच्या अंगाच्या विहिरीला मेमध्ये पाणी आणि दोनशे फुटांवरची खालच्या अंगाची विहीर कोरडी, हे कोडे अनेक गावांत असते. त्याचे उत्तर बांधावर उघड्या पडलेल्या काळ्या दगडांच्या रांगेत असते. भिंत फुटलेली, सांध्यांची असेल तर उलट तिच्यातच पाणी सापडते. हे बघायला डोळे लागतात, अंतर्ज्ञान लागत नाही.

मग पाणाड्याची बोअर लागते कशी? लागतेच, कारण पुष्कळशा बोअरना थोडेफार पाणी लागतेच. समजा एखाद्या शिवारात दहापैकी सात बोअर कोणीही कुठेही मारल्या तरी पाण्याला लागतात. आकडा उदाहरणासाठी घेतला आहे. आपल्या गावाचा आपण मोजावा. तिथे डोळे झाकून जागा दाखवणाऱ्याच्याही लागोपाठ पाच बोअर यशस्वी होण्याची शक्यता सहात एक एवढी असते. तालुक्यात असे तीस पाणाडे धरले तर त्यातल्या पाच जणांच्या नावावर ‘पाचपैकी पाच’ हा विक्रम काहीही येत नसताना जमा होतो. जाहिरात हेच पाच जण देतात. उरलेले पंचवीस गप्प बसतात. आणि ज्या जागेवर ‘पाणी नाही’ असे सांगितले तिथे कोणी बोअर मारूनच बघत नाही, त्यामुळे अर्धी परीक्षा कायमची राहून जाते.

त्यात बोलण्याची पद्धत. ‘नव्वदला एक झिरप, एकशे ऐंशीला दुसरी, अडीचशेच्या पुढे मोठे पाणी.’ तीन खोल्या सांगितल्या की एक कुठेतरी जुळते. आणि ‘इंच’! ‘तीन इंच पाणी’ म्हणजे तीन इंची पाइप भरून की पाणी मोजायच्या त्रिकोणी खाचेच्या पाटीवर तीन इंच उंचीने? नव्वद अंशाच्या खाचेवरून एक इंच पाणी म्हणजे तासाला साधारण पाचशे लिटर, दोन इंच म्हणजे जवळपास एकोणतीसशे, तीन इंच म्हणजे आठ हजार. इंच दुप्पट झाले की पाणी साडेपाच पटीच्या वर जाते. कोणता इंच हे न सांगणाऱ्याचे भाकीत कशालाही बसते. वर गाडीचा कॉम्प्रेसर सुरू असताना उसळणारा फवारा बघून गुलाल उधळला जातो. तो फवारा बोअरमध्ये साठलेल्या पाण्याचा असू शकतो. खरे पाणी कळते ते मोटार टाकून काही तास सलग चालवल्यावर आणि बंद केल्यानंतर पातळी किती वेळात वर येते हे दोरी सोडून मोजल्यावर.

बाहेरच्या देशांत या लोकांची परीक्षा नीट झालेली आहे. जर्मनीत कासेल इथे १९९० मध्ये सुमारे तीस जणांची तीन दिवस चाचणी झाली. सपाट मैदानात ५० सेंटिमीटर खोल प्लॅस्टिकचे पाइप पुरले, त्यांची जागा वर रंगीत पट्ट्यांनी दाखवली, आणि एवढेच ओळखायला सांगितले की आत्ता पाइपातून पाणी वाहते आहे की नाही. चाचणी योग्य आहे आणि आपण शंभर टक्के यशस्वी होऊ, असे सगळ्यांनी आधी सही करून दिले होते. भोंदूगिरी उघडी पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांनी दहा हजार डॉलरचे बक्षीस ठेवले होते. निकाल नाणेफेकीइतका आला, बक्षीस तसेच राहिले. त्याआधी म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये पाचशे जणांतून निवडलेल्या ४३ जणांवर एका कोठारात ८४३ चाचण्या झाल्या : खालच्या मजल्यावर सरकणारा पाण्याचा पाइप, वरच्या मजल्यावर काठीवाला. करणाऱ्यांनी काही जण उत्तम ठरल्याचे जाहीर केले. तेच आकडे अमेरिकन शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी पुन्हा तपासले तेव्हा सगळ्यात चांगला ठरलेला माणूस दहा मीटरच्या रेषेवर, नेहमी मधोमध बोट ठेवणाऱ्यापेक्षा सरासरी ४ मिलिमीटरने सरस निघाला. चार मिलिमीटर म्हणजे ज्वारीचा एक दाणा.

कासेलची चाचणी आपल्या शेतात करता येते. ठिबकची मुख्य लाइन बहुतेकांच्या शेतात दीड-दोन फूट खोल गाडलेली असतेच. मोटारीजवळ दोन वॉल्व्ह लागतात : एक शेतातल्या लाइनचा, दुसरा पाणी परत विहिरीत किंवा टाकीत सोडणारा. दुसरा वॉल्व्ह विसरला तर सगळे मुसळ केरात, कारण मोटार बंद-चालू झाल्याचा आवाज हेच उत्तर ठरते. मोटार पूर्ण वेळ चालू ठेवायची आणि पाणी फक्त इकडून तिकडे वळवायचे. लाइनचे शेवटचे तोंड परीक्षेच्या जागेपासून दूर, नजरेआड आणि आवाजाच्या पलीकडे सोडायचे. नाहीतर बंद तोंडाच्या पाइपात पाणी भरून उभे राहते आणि ‘वाहते की थांबलेले’ यावर वाद होतो.

पहिली फेरी उघडी. पाणी चालू आहे हे पाणाड्याला सांगूनच पाइपावरून चालू द्यायचे. काठी फिरली की विचारायचे : तुमची विद्या आत्ता चालते ना? जागा, वेळ, तिथी, पाइपाची खोली, पाण्याचा जोर सगळे पसंत ना? कागदावर लिहून सही घ्यायची. हा कागद सगळ्यात महत्त्वाचा. तो नसेल तर नंतर ‘आज अमावस्या होती’, ‘कोणीतरी चपला घालून आले’, ‘प्लॅस्टिकचा पाइप आड आला’ यातले काहीतरी निघतेच.

नंतर वीस फेऱ्या झाकून. वॉल्व्हवर बसलेल्याने प्रत्येक फेरीला नाणे उडवायचे, छापा आला तर चालू, काटा आला तर बंद, आणि वहीत नोंद करायची. स्वतःच्या मनाने आलटून-पालटून करू नये. माणूस मनाने करतो तेव्हा सलग तीनदा ‘चालू’ कधी ठेवत नाही आणि समोरचा तेवढ्यावरूनच अंदाज बांधतो. वॉल्व्हवाला आणि पाणाड्या यांची नजरानजर होऊ नये. पाणाड्यासोबत उभा राहून उत्तर लिहिणाऱ्यालाही खरे काय ते माहीत नसावे. हे शेवटचे लोकांना उगाचचे वाटते, पण चाचण्या नासतात त्या इथेच. माहीतगार माणसाचा श्वास, पाय, डोळे उत्तर सांगून जातात, त्याला स्वतःला न कळता. खुणेसाठी दुरून शिट्टी पुरते, दर वेळी एकाच सुरात. बघ्यांना बांधाबाहेर ठेवावे. वॉल्व्ह फिरल्यावर दोन मिनिटे थांबावे, प्रवाह स्थिरावू द्यावा.

वीसपैकी दहा तर नशीबही देते. पंधरा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शंभरात दोन. सतरा किंवा अधिक येण्याची हजारात एक. म्हणून सतरा ही रेघ आधी ठरवावी. जो शंभर टक्क्यांची जाहिरात देतो त्याला तीन चुका माफ करणे ही काही जुलूम-जबरदस्ती नव्हे. मध्येच ‘आता जमले, इथून मोजा’ असे चालणार नाही. वीस म्हणजे वीस.

‘माझी काठी वाहते पाणी धरत नाही, साठलेले धरते’ असे कोणी म्हटले तर त्यालाही उपाय आहे. सारख्या रंगाचे, झाकणाचे दहा ड्रम, एकात पाणी, नऊंत त्याच वजनाची कोरडी वाळू, सगळ्यांवर गोणपाट. रिकामे ड्रम ठेवू नयेत, कारण जड ड्रम जमिनीत रुततो आणि हलका रुतत नाही. ओला थेंब, ओले गोणपाट, नव्याने ओढल्याची रेघ यांवर लक्ष ठेवावे. प्रत्येक फेरीला सगळेच ड्रम हलवावेत आणि पाण्याच्या ड्रमची जागा चिठ्ठी काढून ठरवावी. दहा फेऱ्यांत एक बरोबर येणे हे नशीब. पाच आले तर त्या माणसाकडे पुन्हा लक्ष द्यायला हवे. असे नशिबाने हजारात एक-दोनदाच होते.

दोन्हींचा खटाटोप नको असेल तर सगळ्यात स्वस्त मार्ग : दोन पाणाडे, वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांना न कळू देता, एकच शेत. प्रत्येकाच्या जागेवर खुंटी जमिनीच्या पातळीपर्यंत ठोकून वरून माती सारखी करायची आणि बांधापासूनची अंतरे टेपने मोजून वहीत लिहायची. नस खरोखर असेल तर खुंट्या जवळजवळ यायला हव्यात. किंवा एकाच पाणाड्याने उघड्या डोळ्यांनी दाखवलेली जागा त्यालाच डोळे बांधून, भलत्या बांधावरून आत नेऊन पुन्हा दाखवायला सांगायची. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. काही जुनेजाणते पाणाडे उतार, नाल्याचे वळण, शेजारच्या विहिरी, उंबर-करंजाची हिरवाई बघून चांगला अंदाज बांधतात. डोळे बांधले की तो अंदाज जातो आणि काठी उघडी पडते. त्यांची नजर कामाची आहे. काठी त्यांनी खुशाल चुलीत घालावी.

हल्ली काठीच्या जागी पेटी आली आहे. मुठीला लावलेला फिरता अँटेना, वर दिवे, ‘जर्मन मशिन’ असे नाव, आणि फी कित्येक पट. इराकमध्ये बॉम्ब शोधायला असेच एक यंत्र विकले गेले, एडीई ६५१ नावाचे. आत चालणारा एकही भाग नव्हता. अँटेना हाताच्या कलाने फिरत होता. चेकनाक्यांवर त्याच्या भरवशावर गाड्या सोडल्या गेल्या. विकणाऱ्या ब्रिटिश माणसाला, जेम्स मॅककॉर्मिकला, २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. पेटीवाल्याला एकच सांगावे : यंत्र हातात न धरता तिपाईवर बसवा आणि मग दाखवा.

गुप्तधनवाले आणि चोरी सांगणारे हीच साधने वापरतात, त्यांच्यावर निदान कायदा आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडे ज्याला ‘दिसते’ त्याच्या एका शब्दावर बाई डाकीण ठरते, हे तर सांगायलाही जड जाते. पाणी ‘दिसणाऱ्या’वर विश्वास ठेवणारे आपण डाकीण मानणाऱ्यांना मात्र अडाणी म्हणतो.

मग जागा कशी ठरवायची? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची कार्यालये जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. ठरलेल्या विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या पाणलोटातल्या नोंदी मागून बघाव्यात. त्याआधी स्वतः मे महिन्यात आपल्या चहूबाजूंच्या आठ-दहा विहिरी आणि बोअर यांची वही करावी : खोली, पाणी किती फुटांवर, मोटार किती तास चालते, कोणत्या फुटाला कोणता थर लागला. कोरड्या गेलेल्या बोअर आवर्जून लिहाव्यात. त्याच लोक विसरतात. विद्युत रोधकतेची, म्हणजे जमीन विजेला किती अडवते याची, पाहणी करून घेता येते. चार खुंट्या, बाहेरच्या दोनमधून वीज, आतल्या दोनवर मोजणी आणि बाहेरच्या खुंट्या टप्प्याटप्प्याने लांब. साठ मीटर खोलीचा अंदाज हवा तर दोनशे मीटरहून अधिक सरळ मोकळी जागा लागते. तारेचे कुंपण, लोखंडी पाइप, विजेचे खांब जवळ असतील तर आकडे बिघडतात. उन्हाळ्यात खुंट्यांच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतावे लागते. चिकणमातीही पाण्यासारखाच कमी आकडा देते, म्हणून नुसत्या यंत्रावर न जाता शेजारच्या विहिरीच्या थरांशी पडताळावे. चांगला भूवैज्ञानिक ‘शक्यता बरी आहे, एवढ्या फुटांपुढे जाऊ नका’ असे सांगतो, इंच सांगत नाही. शेतकऱ्याला ते कचखाऊ वाटते आणि छातीठोक सांगणारा नाना बरा वाटतो. त्याचे कारणही कळते : कर्ज काढून घेतलेला निर्णय एकट्याच्या डोक्यावर नको असतो.

खोदताना दर दहा फुटांचा चुरा वेगवेगळ्या ढिगात ठेवायला गाडीवाल्याला सांगावे, प्रत्येक सळई किती मिनिटांत उतरली ते लिहावे, ओल कुठे लागली ते लिहावे. किती फुटांवर थांबायचे हे गाडी येण्याआधी ठरवावे आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगून ठेवावे. ‘अजून पन्नास फूट, पाणी आलेच’ हे वाक्य रात्री दोन वाजता फार खरे वाटते, आणि फुटाचा दर खोलीगणिक चढतो. पाणाड्याला गाडीच्या एजंटानेच सोबत आणले असेल तर त्याला फुटामागे काही मिळते का, हे स्पष्ट विचारावे. शासनाच्या २००९ च्या भूजल अधिनियमात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने आहेत, तीही आधी बघून घ्यावीत.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच. ‘शंभर टक्के पाणी’ अशी जाहिरात घेऊन येणाऱ्याकडून त्याने दाखवलेल्या शेवटच्या वीस जागांची यादी मागावी, कोरड्या धरून; गाव, गट क्रमांक, सांगितलेली खोली, लागलेली खोली. यादी नसेल तर ‘शंभर टक्के’ हे शब्द काढून जाहिरात घ्यावी. आणि आपल्या कृषी पुरवणीने वॉल्व्हची ही चाचणी एखाद्या गावात उघडपणे घडवून आणावी. पाणाड्यांना मानाने बोलवावे, त्यांच्या अटी त्यांनाच लिहू द्याव्यात, निकाल जसा येईल तसा छापावा. १९६३ मध्ये श्रीलंकेतले बुद्धिवादी डॉ. अब्राहम कोवूर यांनी सिद्धी दाखवणाऱ्यांपुढे लाख रुपये ठेवले होते, ते कोणी नेले नाहीत. इथे एवढी रक्कमही नको. दोन वॉल्व्ह, एक नाणे, दोन वह्या, एक शिट्टी. सकाळी सातला सुरू केली तर वीस फेऱ्या उन्हाआधी, नऊ-साडेनऊपर्यंत आटोपतात; फक्त त्या दिवशी शेतीपंपाची वीज दिवसा आहे की रात्री, ते आधी बघून घ्यावे.

आपला,
भूजल विषयाचा एक अभ्यासक,
अमळनेर